सत्त्याऐंशी नंबरची बाटली

३ फेब्रुवारी

ती. खडूमामांना नमस्कार.

आजी गेली तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर आपण शेवटचे भेटलो. आई एका टोकाला उभी होती, तुम्ही दुसऱ्या. त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हा हे पत्र बघून दचकू नका. कामाचं आहे. तुमच्या शेवटच्या ऑफिसातून पत्ता मिळाला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहिते आहे.

मी काय करते ते आधी सांगते. एका ग्रहाभोवती आमचं यान फिरतं आहे. त्यावरचं उपकरण जमिनीवरून परत येणारा अवरक्त प्रकाश मोजतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा. प्रत्येक खनिज त्या प्रकाशातला आपापला वाटा गिळतं आणि आलेखावर तिथे खाच पडते. पाण्याची खाच एका जागी, चिकणमातीची दुसऱ्या जागी. खाचा बघून जमीन कशाची आहे ते ओळखायचं. ताडून बघायला इथल्या दगडामातीची पूड लागते. तुम्ही आणि आईने ज्या बाटल्या भरल्या त्या, जुनी संस्था बंद झाल्यावर, कपाटांसकट आमच्याकडे आल्या आहेत.

त्या ग्रहावर एक मोठं सपाट मैदान आहे. आम्ही त्याला 'ताट' म्हणतो. पुढच्या मोहिमेचं यान तिथे उतरवायचं घाटतं आहे, कारण तिथे चिकणमातीच्या खाचा दिसतात, आणि माती म्हटली की तिने धरून ठेवलेलं थोडं पाणी आलं. पण खाचा उथळ आहेत. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, वर धूळ बसली आहे, खाली चांगली माती आहे. मला ते पटेना. मी ताटाचा आलेख तुमच्या दोनशे बारा बाटल्यांशी लावून बघितला. एकीशीही जुळला नाही. मग बाद बाटल्यांचा खण उघडला. त्यातली सत्त्याऐंशी नंबरची तंतोतंत जुळली.

याच बाटलीपायी आईची नोकरी गेली एवढं मला ठाऊक आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. नोंदवहीत आईच्या अक्षरात लिहिलं आहे: हिरवट चिकणमाती, १०५ अंश, १२ तास. खाली तिची सही. पण बाटली तपकिरी काचेची आहे आणि आतली पूड विटकरी आहे. नुसत्या सुकवलेल्या मातीचा आलेख असा येत नाही. या बाटलीचं काय झालं होतं?

आईला विचारलं. ती म्हणाली, "वहीत आहे तेवढंच मला माहीत," आणि उठून भांडी घासायला लागली. त्या खोलीत तुम्ही दोघंच काम करत होता. जागा निवडणारी समिती २५ मार्चला बसते आहे.

तुमची भाची

११ फेब्रुवारी

चि. टिचकीस आशीर्वाद.

तुला हे नाव मीच ठेवलं होतं, आठवतं का? शाळा सुटली की तळघरातल्या नमुनाघरात यायचीस आणि प्रत्येक बाटलीला टिचकी मारून बघायचीस. भरलेली बद्द वाजते, रिकामी किणकिणते, हा शोध तुझा. तोच मोठा होऊन ग्रहांना टिचक्या मारायला लागला म्हणायचं. आणि 'तुम्ही' काय गं? मी म्हातारा झालो की तू साहेब झालीस?

मी बरा आहे. धोब्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. खाली दिवसभर यंत्रं घरघरतात, पण मला निम्मं ऐकू येत नाही, त्यामुळे भाडं माझ्यासाठी स्वस्तच पडतं. हात अजून खडूसारखे पांढरे पडतात. आता दगड कुटत नाही, चुन्याच्या भिंतीला टेकलो तरी पुरतं.

तुझी आई काम कशी करायची ते तुला कोण सांगणार, म्हणून मीच सांगतो. दगड आला की आधी ती तो धुवायची, पुसायची, उजेडाला धरून पाच मिनिटं नुसती बघायची. मग माझ्या हवाली. मी गारेच्या खलात कुटायचो, चाळायचो, भट्टीत सुकवायचो. ती बाटली भरायची, चिठ्ठी डकवायची, वहीत लिहायची. तिच्या वहीत खाडाखोड सापडली तर मला कळव, मी मिशी उतरवीन. मिशी उरली आहे तेवढी.

आता तुझ्या बाटलीचं. बाई गं, बावीस वर्षं झाली. काल काय जेवलो ते मला सांगता येत नाही. वहीत एकशेपाच लिहिलं असेल तर एकशेपाचच असणार. एखादी बाटली बाद होते. खाणीतूनच माती वेगळी आली असेल. तू शिळ्या कढीला ऊत आणू नकोस. दोनशे बारा चांगल्या बाटल्या आहेत, त्यांवर भागव.

ताईचा गुडघा कसा आहे? मी विचारलं असं तिला सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

तुझा मामा

२६ फेब्रुवारी

ती. मामांना नमस्कार.

'तुम्ही'च राहू द्या, सध्या ते सोपं जातं. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही. तुम्ही विचारलंत हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

खाणीतून माती वेगळी आली असेल, हे मी तपासलं. दुसऱ्या एका खाणीतली तशीच हिरवट माती मागवली. एकशेपाच अंशांवर बारा तास ठेवली, हिरवीच राहिली, खाचा खोल. मग शंभरा-शंभराने भट्टी वाढवत गेले. तीनशेला पाण्याची खाच भरून यायला लागली. चारशेच्या पुढे रंग पालटला. पाचशेवीसला, तीन तासांनी, आलेख बाटलीच्या आलेखाजवळ आला. अगदी तंतोतंत नाही, कारण खाण दुसरी, पण शंका राहू नये इतका जवळ. सत्त्याऐंशीतली माती सुकवलेली नाही, भाजलेली आहे.

म्हणजे ताटही भाजलेलं आहे. कधीतरी तिथे मातीवरून लाव्हा वाहिला असेल किंवा काहीतरी प्रचंड येऊन आदळलं असेल. वर धूळ आणि खाली ओली माती असं काही नाही. यान तिथे उतरलं तर विटेवर उतरेल, आणि ते उतरवायला माणसांची चौदा वर्षं गेली आहेत.

समितीला मी हे तोंडी सांगितलं. त्यांचं म्हणणं असं: हुबेहूब जुळणारा नमुना बाद झालेला आहे आणि त्याची नोंद खोटी आहे. तो पुराव्यात धरायचा तर तो कसा बिघडला हे हाताळणाऱ्या माणसाने सहीनिशी लिहून द्यावं. नाहीतर धुळीचं मत कायम राहील.

मी आईसमोर दोन्ही आलेख ठेवले. भट्टीची कळ कोणीतरी फिरवल्याशिवाय पाचशेवीस होत नाही, असं म्हटलं. तिने आलेख बराच वेळ बघितला, खाचेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "लिही माझं नाव. एकदा सही केलीच आहे, आणखी एकदा करीन."

तेव्हा आता उलगडलं आहे. कळ तिच्या हातून फिरली असावी आणि घाबरून तिने वहीत नेहमीचा आकडा लिहिला असावा. मला धक्का वगैरे बसलेला नाही. लहानपणापासून मी हेच गृहीत धरलं होतं. तुमच्याकडून एवढंच हवं आहे: त्या दिवशी तिच्याकडून अशी चूक झाली, हे तुम्हालाही आठवतं असं दोन ओळींत लिहून द्या. साक्षीदार म्हणून.

तुमची भाची

६ मार्च

चि. टिचकीस आशीर्वाद.

ताईचं नाव घालू नकोस. घाई करू नकोस. नाव घालायची गरजच काय? 'कारण अज्ञात' असं लिहिता येतं. आमच्या वेळी सर्रास लिहायचे.

ती भट्टी म्हातारी होती. एकच भट्टी, सुकवायचं काम तिच्यावर आणि भाजायचंही तिच्यावर. आतला उष्णतेचा काटा कधी खरं सांगायचा, कधी थापा मारायचा. एकशेपाचावर लावली आणि आपल्या मर्जीने पाचशेवर गेली, असं सहज झालं असेल. यंत्राचा काय भरवसा? यंत्रावर लिही. यंत्राला ना नोकरी ना अब्रू.

हे दोन ओळींत लिहून द्यायला मी तयार आहे. सोबत जोडलं आहे.

मामा

१० मार्च

ती. मामांना नमस्कार.

जोडलेला कागद परत पाठवते आहे. तो समितीपुढे टिकणार नाही.

भट्टीच्या दुरुस्तीची वहीही कपाटाबरोबर आली आहे. त्या महिन्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा काटा तपासला होता. चूक चार अंशांची. चार अंश चुकणारी भट्टी चारशे अंश चुकून पुन्हा सरळ होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. सत्त्याऐंशीतली पूड विटकरी आहे, पण किंचित काळपटही आहे. मी भाजलेली माती तशी झाली नाही. आलेख सगळीकडे सारखाच थोडा खाली बसतो, हे कोळशाचं लक्षण. सूक्ष्मदर्शकाखाली काजळीचे कण दिसले. मातीत कोळसा नसतो. म्हणजे त्या दिवशी भट्टीत मातीबरोबर आणखी काहीतरी जळलं, आणि ते काय होतं हे समिती विचारणार. आईला विचारलं. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघून उत्तर दिलं: "मला माहीत नाही. त्या दिवशी मी तुला ताप आला म्हणून दुपारीच घरी आले होते."

मी वहीत हजेरी बघितली. ती बारा वाजता गेली आहे. माती भट्टीत साडेनऊला गेली आहे.

मामा, मी हे लिहिताना कोणावर आरोप करत नाही. मला जे दिसतं ते सांगते. आई शुक्रवारी, एकवीस तारखेला, सही करणार आहे, 'चूक माझी' असं. जी बाई तेव्हा खोलीतच नव्हती ती. तिची सही खरी नसेल तर माझा अख्खा निष्कर्ष खोट्यावर उभा राहील, आणि मला ते चालणार नाही. तुम्हाला चालेल का, ते तुम्ही ठरवा.

भट्टीत काय जळलं?

तुमची भाची

१७ मार्च

चि. टिचकीस.

बटाटे जळले.

सात दिवस हा कागद समोर ठेवून बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच कळलं की तू इथवर येणार. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि ते ताईसारखं निघालं, तेव्हाच खरं तर.

सगळं क्रमाने सांगतो. नोकरी मला ताईने लावून दिली होती, हे तुला माहीत नसेल. मी तात्पुरता होतो, ती कायम. नियम असा की नमुन्याच्या भट्टीत नमुन्याखेरीज काहीही जाता कामा नये. दारावर पाटी होती, ताईच्याच अक्षरात. आणि मी रोज तिच्या पाठीमागे माझा जेवणाचा डबा त्यात गरम करायचो. एकशेपाचावर डबा तापायला अर्धा तास लागायचा, मला तेवढा धीर कुठला? कळ पार टोकाला फिरवायची, पाच मिनिटं मोजायची, डबा काढायचा, कळ होती तिथे आणून ठेवायची. वर्षभर हे निर्धोक चाललं. मला वाटायचं मी फार हुशार.

त्या दिवशी ताई बाराला घरी गेली. मी डबा आत ठेवला. उकडलेले बटाटे होते. कळ फिरवली, आणि वरून शिपाई धावत आला की नवं उपकरण आलंय, पेटारा जिन्यात अडकलाय, हात लावायला चला. गंमत बघ, ते उपकरण अवरक्त प्रकाशाचंच होतं. पेटारा जिन्याच्या वळणावर असा बसला की ना वर जाईना ना खाली. आम्ही सहा जण, वर साहेब ओरडतायत. कठडा कापावा लागला. खाली आलो तेव्हा साडेतीन झाले होते.

दार उघडल्याबरोबर वास आला. डबा काळाठिक्कर, आत चार कोळसे. शेजारच्या ताटलीतली हिरवी माती विटेसारखी लाल. मी कळ खाली आणली, डबा बाहेरच्या कचऱ्यात फेकला, पंखा लावला. ताटलीतली माती टाकून नवी घेतली असती तरी चाललं असतं. पण खाणीतून आलेली गोणी ताईने कुठे ठेवली ते मला माहीत नव्हतं आणि तिला विचारायचं म्हणजे सगळं सांगायचं. मी ती लाल माती तपकिरी बाटलीत भरली. रंग दिसू नये म्हणून तपकिरी.

सकाळी ताई आली. वही उघडून तिने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "एकशेपाच, बारा तास, नेहमीचंच." तिने लिहिलं. सही केली.

चार महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं की तुमचा सत्त्याऐंशी नंबरचा आलेख आमच्याशी जुळत नाही. बाटली उघडली, चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडे तीन जण, अलीकडे आम्ही दोघं. त्यांनी विचारलं, खोटी नोंद कोणी केली. ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत बसलो. त्या टेबलाला एक तडा होता, तो मी आजही काढून दाखवीन. ती म्हणाली, "नोंद माझी आहे." पुढच्या महिन्यात तिला काढलं. त्याच्या पुढच्या महिन्यात कायम झालेल्यांची यादी लागली, तीत माझं नाव होतं.

मी सांगणार होतो. आधी वाटलं, यादी लागू दे, मग सांगू. मग वाटलं, आता सांगून तिची नोकरी परत येणार थोडीच? मग ती माझ्याशी बोलेनाशी झाली आणि मला तेही सोयीचंच पडलं. मी भित्रा होतो, टिचके. दुष्ट नव्हतो असं मनाला सांगत आलो, पण भित्र्याने केलेलं नुकसान काही कमी भरत नाही.

निवेदन वेगळ्या कागदावर, सहीनिशी, सोबत आहे. त्यात ताईचा काहीही दोष नाही असं शेवटी स्पष्ट लिहिलं आहे. समितीला दे, छाप, भिंतीवर चिकटव. ताईला मात्र तू स्वतः वाचून दाखव. तिने काय म्हटलं ते कळवायलाच हवं असं नाही.

मामा

२ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

निवेदन वीस तारखेला पोचलं. समितीची बैठक ठरल्या दिवशी झाली. ताट रद्द झालं. यान दुसऱ्या क्रमांकाच्या जागी उतरणार आहे. तिथल्या खाचा खोल आहेत आणि तुमच्या बत्तीस नंबरच्या, न भाजलेल्या बाटलीशी जुळतात. प्रमुख बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बटाट्यांबद्दल विचारलं आणि हसत सुटल्या. समितीतही हशा पिकला. मी हसले नाही.

मला तुमचा राग आला आहे. तो लिहून ठेवते, कारण तो वगळून कामाचं बोलत राहिले तर हेही पत्र खोटं होईल. नोकरीमुळे नाही. आई नंतर एका शाळेच्या कपाटखोलीत पुस्तकं मोजत राहिली, आम्ही उपाशी नव्हतो. राग याचा आहे की माझी आई निष्काळजी आहे असं मी बावीस वर्षं धरून चालले. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली की मी आत जाऊन गॅसचं बटण तपासते. कुलूप लावलं की ओढून बघते. तिच्यासमोर. ती बाजूला उभी राहते. मी एवढी काटेकोर झाले ती तिच्यासारखी व्हायचं नाही म्हणून, आणि झाले ती हुबेहूब तिच्यासारखी.

तुमचं पत्र आणि निवेदन दोन्ही मी तिला वाचून दाखवलं. बटाट्यांपाशी तिने डोळे मिटले. टेबलाच्या तड्यापाशी म्हणाली, "हं, होता खरा." निवेदनाची शेवटची ओळ, ताईचा काहीही दोष नाही ही, वाचली तेव्हा तिने हात पुढे करून पेन मागितलं. मला वाटलं, सही करते आहे. तिने तुमच्या ओळीखाली स्वतःच्या चार ओळी लिहिल्या आणि मग सही केली. मी तिला थांबवायला बघितलं. आता कुठे तुझं नाव स्वच्छ झालं आहे, असं म्हटलं. ती म्हणाली, "तुला माझं नाव हवंय की नमुन्याचा इतिहास?" समितीकडे दोन्ही सह्यांचं निवेदन गेलं.

तिने काय लिहिलं ते तिच्याच पत्रातून कळेल. तिने ते उघडंच माझ्याकडे दिलं, वाच म्हणाली. मी वाचलं आहे.

तुमची भाची

(सोबतचं पत्र)

२ एप्रिल

खडूस,

तुझं निवेदन ऐकलं. चांगलं लिहिलंस. एक ओळ खोटी होती, ती दुरुस्त केली.

त्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तेव्हा खोलीत वास होता. पंख्याने गेला असं तुला वाटलं असेल, पण भट्टीच्या विटांनी धरून ठेवला होता. टेबलावर तपकिरी बाटली होती. हिरवी माती आपण कायम पांढऱ्या काचेत भरायचो, हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं. मी प्रत्येक बाटली उजेडाला धरायचे. ती धरली नाही. धरली असती तर दिसलं असतं, म्हणून धरली नाही. तरी तुला विचारलं, "किती?" तू खरं सांगितलं असतंस तर आपण गोणीतून नवी माती काढली असती, दुपारपर्यंत काम संपलं असतं आणि मी तुझा कान पिळला असता. तू एकशेपाच म्हणालास. तुझ्या कायम होण्याची यादी निघायची होती. मी एकशेपाच लिहिलं.

तेव्हा खोटी नोंद माझीच. मला काढलं ते बरोबर काढलं. मी साहेबांच्या जागी असते तर मीही काढलं असतं. एवढंच मी निवेदनात लिहिलं आहे: वास आला होता, बाटली चुकीची होती, तरी मी न बघता सही केली.

माझा राग नोकरीचा नव्हता. चौकशीच्या वेळी मी तुझ्याकडे बघितलं ते तू कबूल करावंस म्हणून नाही. आपण दोघांनी मिळून हे केलंय, तर निदान एकदा माझ्याकडे बघ, एवढंच मला हवं होतं. तू टेबल बघत बसलास. पुढे बावीस वर्षं तू टेबलच बघत होतास आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. पोरीने मला निष्काळजी ठरवलं तेही सोसलं. खरं सांगितलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं आणि माझंही.

त्या खाणीत आता पाणी भरलंय, माती मिळत नाही, असं टिचकीचे लोक म्हणत होते. मला कोणी विचारलंच नव्हतं. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, अर्धी गोणी आहे म्हणून मी सांगितलं. माणसं गेली, गोणी होती तिथेच होती. आता सत्त्याऐंशी नंबर नव्याने करायचा आहे, दोन बाटल्या: एक सुकवलेली, एक भाजलेली. दोन्ही पांढऱ्या काचेच्या. रविवारी मला आत येऊ देणार आहेत. पाचशेवीस अंश, तीन तास. भट्टीपाशी खुर्ची टाकून मी बसणार आहे.

तीन तास एका जागी बसलं की माझा गुडघा धरतो, मधे उठावं लागतं. तू आलास तर आळीपाळीने बसू.

ताई